पुस्तकांच्या पीडीएफ चोरीवर सिनेमासारखा कडक कायदा मागावा का?

खिळेजुळारी (पुणे):

नमस्कार मंडळी. आमचं छोटं प्रकाशन आहे. मी आणि माझी वहिनी, दोघीच चालवतो. वर्षाला चार-पाच पुस्तकं, बहुतेक अनुवाद, आवृत्ती ५०० प्रतींची. त्यातूनच अनुवादकाचं मानधन, मूळ लेखकाच्या हक्कांचे पैसे, कागद, बांधणी, टपाल सगळं भागवायचं असतं. दिवाळीत काढलेलं आमचं पुस्तक फेब्रुवारीत एका मेसेजिंग ॲपवरच्या चॅनलवर पीडीएफ होऊन फिरायला लागलं. कुणीतरी मोबाइलवर पान न् पान स्कॅन केलंय, काही पानांच्या कडेला अंगठासुद्धा दिसतो. तक्रार केली की फाइल जाते आणि थोड्या दिवसांत दुसऱ्या नावाने परत येते. अनुवादिका दीड वर्ष त्या मजकुरावर बसली होती. तिला आता दुसऱ्या आवृत्तीचे पैसे मिळतील असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

सिनेमावाल्यांनी २०२३ मध्ये संसदेकडून सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती करून घेतली. चोरून चित्रीकरण केलं किंवा तशी प्रत दाखवली तर किमान ३ महिने, कमाल ३ वर्षं कैद. दंड ३ लाखांपासून थेट निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. त्या नोव्हेंबरात माहिती व प्रसारण मंत्रालयाने तक्रारी घ्यायला नोडल अधिकारीही नेमले, ४८ तासांत कारवाई होईल असं सांगितलं. पुस्तकांसाठी असं दार कुठेच नाही.

आम्ही काही छोटे प्रकाशक मिळून खासदारांना निवेदन देणार आहोत. मसुद्यात पहिली मागणी आहे, 'पुस्तकांनाही हीच शिक्षा, हीच यंत्रणा'. पण ओळखीतले दोन लेखक सही करायला तयार नाहीत. असा अधिकार सरकारच्या हाती गेला की तो फक्त चोरांवर चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला दोन्ही बाजू ऐकायच्या आहेत. काय मागावं?

कलम_बावन्न (मुंबई):

ताई, शिक्षा आधीच कडक आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे पोलिसांना गुन्हा नोंदवता येतो. तुमची अडचण वेगळी आहे. आरोपी कोण, तेच कळत नाही.

तिथे ऑगस्ट २०२२ चा दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश महत्त्वाचा. स्पर्धा परीक्षांच्या एका शिक्षिकेचं साहित्य टेलिग्रामवर फिरत होतं. आमचे सर्व्हर सिंगापुरात आहेत, तिथल्या कायद्याने माहिती देता येत नाही, असं कंपनीने सांगितलं. न्यायालयाने ते मानलं नाही. चॅनल चालवणाऱ्यांचे फोन नंबर आणि आयपी पत्ते बंद लिफाफ्यात द्यायला लावले. हे हत्यार तुमच्याही कामाचं आहे, फक्त ते मिळवायला उच्च न्यायालयात उभं राहण्याचा खर्च येतो.

२०१३ च्या कॉपीराइट नियमांतला ७५ वा नियमही वाचा. मध्यस्थ कंपनीला, म्हणजे ज्या ॲपवर फाइल आहे तिला, तपशीलवार लेखी तक्रार द्यायची, तिने ३६ तासांत मजकूर रोखायचा. मात्र २१ दिवसांत तुम्ही न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तिला तो पुन्हा खुला करता येतो. मोठ्या स्टुडिओकडे वकिलांची फौज असते, त्यांना २१ दिवस पुरतात. तुम्हा दोघींना पुरणार नाहीत. माझ्या मते निवेदनात भांडायची जागा ही आहे.

आणि तुमच्या लेखकमित्रांची भीती खरी आहे. २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने दोन चित्रपटांसाठी अज्ञात आरोपींविरुद्ध मनाई हुकूम दिला. इंटरनेट कंपन्यांनी त्याच्या आधारे व्हिमिओसारख्या अख्ख्या साइट बंद करून टाकल्या, तिथे लोकांनी स्वतः केलेल्या फिल्मही होत्या. जूनमध्ये न्यायालयाला सांगावं लागलं की हुकूम ठरावीक पत्त्यांपुरता आहे. त्याच महिन्यात इंटरनेटवरच्या अशा बंदीविरुद्ध मुंबईसह अनेक शहरांत तरुण मुखवटे घालून रस्त्यावर आले होते. पुढे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी अख्ख्या साइट बंद करायला नकार दिला. नेमके पत्ते द्या, ते तपासल्याचं शपथेवर सांगा, अशी अट घातली. नंतर वारं पुन्हा फिरलं. २०१९ मध्ये दिल्लीत 'डायनॅमिक' मनाई आली, तीत साइटने नाव बदललं तरी नवा दावा न लावता ते बंदीच्या यादीत घालता येतं. सरकारी अधिकाऱ्याच्या ४८ तासांच्या आदेशापेक्षा मला अजूनही न्यायाधीशासमोरची शपथ बरी वाटते.

नदीकाठ (सिरोंचा):

मी शिक्षक आहे. आमच्या भागात मराठी पुस्तकांचं दुकान नाही. मी ज्या चॅनलवर वाचतो तिथलं निम्मं साहित्य कुणाच्याही मालकीचं राहिलेलं नाही. हरि नारायण आपटे १९१९ मध्ये गेले. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, मृत्यूनंतरची कॉपीराइटची साठ वर्षांची मुदत संपून २०११ पासून त्यांचं लेखन सर्वांसाठी खुलं आहे. उद्या चॅनलच बंद करायचा अधिकार मिळाला तर माझ्या मुलांच्या साने गुरुजींवरही गदा येईल. फाइल काढा, चॅनल नको.

दुसरं. ताई, तुमच्या पुस्तकाचं ई-बुक आहे का? मी शोधलं असतं तर मला ते विकत मिळालं असतं का?

हडसनकाठचा (न्यू जर्सी):

इथे हा वाद मी जवळून पाहिला. २०११ मध्ये प्रतिनिधीगृहात लमार स्मिथ यांनी 'सोपा' आणि सिनेटमध्ये पॅट्रिक लेही यांनी 'पिपा' ही विधेयकं आणली. परदेशी चोरट्या साइटची नावं इंटरनेटच्या पत्तेवहीतूनच गायब करायची, त्यांचे पैसे आणि जाहिराती तोडायच्या, असा बेत. हॉलिवूड पाठीशी होतं. १८ जानेवारी २०१२ ला इंग्रजी विकिपीडिया निषेध म्हणून दिवसभर काळा झाला. माझ्या मुलीचा गृहपाठ अडला, म्हणून तिने वर दिलेली सूचना वाचली आणि आमच्या खासदाराच्या कार्यालयात फोन लावायला लावला. २० तारखेला दोन्ही विधेयकं बाजूला ठेवली गेली.

पण खिळेजुळारीताई, तुमच्या उपयोगाची गोष्ट नंतर घडली. २०२० च्या कायद्याने वॉशिंग्टनमध्ये कॉपीराइटच्या छोट्या दाव्यांसाठी वेगळं मंडळ झालं, ते २०२२ पासून चालू आहे. दाव्याची कमाल रक्कम ३० हजार डॉलर, शुल्क १०० डॉलर, वकील सक्तीचा नाही, सगळं ऑनलाइन. दोष एवढाच की समोरचा माणूस 'मला यात यायचं नाही' म्हणू शकतो. तुमच्या निवेदनात तुरुंगाऐवजी हे घाला.

ब्रेलकर (नागपूर):

एकच मुद्दा. आम्हा दृष्टिहीनांना वाचता येईल अशी प्रत करण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यातच दिली आहे. शब्द जुळला की फाइल आपोआप उडवणारी गाळणी मागू नका. तिला आमची कायदेशीर प्रत आणि चोरीची प्रत यांतला फरक कळणार नाही.

खिळेजुळारी:

सगळ्यांचे मनापासून आभार. वहिनीशी बोलले. शिक्षेची मागणी मसुद्यातून काढतोय. त्या जागी तीन गोष्टी येतील: छोट्या दाव्यांसाठी स्वस्त मंडळ, २१ दिवसांची मुदत छोट्या हक्कधारकांसाठी वाढवणं, आणि चॅनलचालकाची ओळख मिळवायला जिल्हा पातळीवर सोय. अख्खं चॅनल बंद करणं आणि आपोआप गाळणी, या दोन्हींना आमचा विरोध आहे हेही स्पष्ट लिहिणार. लेखकमित्रांना हा मसुदा आज पाठवते.

नदीकाठ सर, ई-बुक नव्हतं. मूळ प्रकाशकाने आम्हाला फक्त छापील हक्क दिले होते, ई-बुकचे हक्क वेगळे विकत घ्यावे लागतात. तुमचा प्रश्न रास्त आहे. पण पुस्तक माझ्या टेबलावरून टपालाने सिरोंच्याला येतं, आणि ते स्कॅन करणाऱ्याकडे छापील प्रत होतीच. बाजारात असलेलं पुस्तक वाटून टाकणं मला कधीच पटणार नाही. तुमच्या शाळेचा पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, आमच्या यादीतली मुलांची पुस्तकं पाठवते.

कलम_बावन्न, नियम ७५ खालच्या तक्रारीत मालकीचा पुरावा म्हणून अनुवादिकेशी झालेला करार चालेल का, की मूळ लेखकाच्या प्रकाशकाचं पत्रही जोडावं लागेल? तेवढं सांगा, म्हणजे सोमवारी तक्रार जाईल.