मोमो फुटतात त्यावर

घरचे मोमो वाफवताना फुटतात, असं वर कुणीतरी लिहिलंय. आमचेही पहिल्या रविवारी फुटले. दोष सारणातल्या कोबीच्या पाण्याचा. किसून मीठ लावा, 15 मिनिटांनी फडक्यात घट्ट पिळा. वाटीभर पाणी निघतं बघा. पारी कडेला पातळ, मधे जराशी जाड. आमच्याकडे लाटणं बाबांकडे, सारण भरायला मुलं आणि चुण्या आईच्या, मोदकाचा हात आहे ना! (धाकटीच्या करंज्याच होतात, चालतं.) मोदकपात्राच्या चाळणीला तेलाचं बोट फिरवून 10-12 मिनिटं वाफ. लाल चटणी केलीच नाही. सोलापुरात राहून शेंगाचटणी सोडायची? दह्यात कालवली की झालं. आई पहिला घाणा देवापुढे ठेवायला निघाली होती; आत कांदा-लसूण आहे म्हटल्यावर परत फिरली.