मतभेद सांगताना इंग्रजीत कोणता शब्द? अनुभव लिहा

पिंपळपान:
काल भाची घरून काम करत होती, मीटिंगमध्ये कोणाला तरी म्हणाली 'आय सी इट अ बिट डिफरंटली' आणि पलीकडचा माणूस चक्क थांबून ऐकायला लागला. मला एकदम बँकेतले जुने साहेब आठवले. ऑडिटच्या शेऱ्यांना उत्तरं आम्ही लिहायचो, ते शब्द न शब्द तपासायचे. 'नोटेड' म्हणजे वाचलं एवढंच, 'अ‍ॅग्रीड' म्हणजे चूक कबूल, 'कम्प्लाइड' म्हणजे दुरुस्ती झालीसुद्धा. एकाच्या जागी दुसरा गेला तर ब्रँच अडकणार. नुसतं 'वी डिसअ‍ॅग्री' दिसलं की तिथे 'वी विश टु क्लॅरिफाय' करायचे आणि म्हणायचे, आता पुढे आकडे दे. खूप शिकले त्यांच्याकडून. तुमचेही अनुभव लिहा ना, भांडणाचे पण चालतील.

वांगीभात:
मार्च संपेपर्यंत ऑडिटचं नाव काढू नका हो

थेम्सकाठी:
मुलगा इथे इंग्लंडात शाळेत सांगून आला, 'मम्मी डॅडी फाइट एव्हरी मॉर्निंग'. वाद कसला तर डब्यात पोळीभाजी की सँडविच. टीचरने न्यायला गेल्यावर बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना, पोटात गोळाच आला. फाइट म्हटलं की हाणामारी पण असू शकते ना. मग त्याला बिकर शिकवलं, म्हणजे आपली रोजची कुरबुर. आणि आर-ओ-डब्ल्यू, भांडण असेल तर उच्चार राउ आणि रांग असेल तर रो, हे तर तोच मला शिकवतो आता

काळाकोट:
आमचं तर पोटच आर्ग्यू करण्यावर, सासूबाई अजून विचारतात आज कोणाशी भांडून आलात. पण खरी निवड लेखी कैफियतीत, म्हणजे दाव्याला प्रतिवादी देतो त्या उत्तरात. 'डिनाइड' म्हणजे हे खोटं आहे, 'नॉट अ‍ॅडमिटेड' म्हणजे मी मानत नाही, तुम्ही सिद्ध करा. आणि दोन्हीपैकी काहीच लिहिलं नाही तर सीपीसी म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 8 रूल 5 प्रमाणे कबूल धरतात, म्हणून एकेक परिच्छेदाला उत्तर द्यावं लागतं. खंडपीठातल्या एखाद्या न्यायमूर्तींना बाकीच्यांचं पटलं नाही तर मात्र शब्द डिसेंट. 1976 चा सुप्रीम कोर्टाचा एडीएम जबलपूर निकाल आठवा, आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात जाता येतं का हा प्रश्न, चार न्यायमूर्ती 'नाही' म्हणत एका बाजूला आणि न्या. एच. आर. खन्ना एकटे. 2017 ला पुट्टस्वामी या खाजगीपणाच्या हक्काच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानेच तो बहुमताचा निकाल चुकीचा ठरवला, खन्नांचं मत खरं ठरलं. मला अजूनही ते वाचताना भरून येतं.

पोहेप्रेमी:
@वांगीभात तुम्ही तो गोडा मसाला घरी करता का? व्यक्तिगत निरोप केलाय

आयटीवाली:
डाउट!! आपल्याकडे शाळेपासून डाउट म्हणजे शंका. टीममधला नवा मुलगा अमेरिकन क्लायंटला म्हणाला 'आय हॅव अ डाउट अबाउट युवर नंबर्स', तो गप्पच झाला, त्याला वाटलं आकडे खोटे म्हणतोय. लीडने लगेच सावरलं, ही हॅज अ क्वेश्चन म्हणून. आणि लंडन न्यूयॉर्क एकाच कॉलवर असले की 'टेबल' वापरूच नका, लंडनवाल्याला तो विषय आत्ता चर्चेला घ्यायचा असतो आणि न्यूयॉर्कवाला समजतो बाजूला ठेवा. चर्चिलने दुसऱ्या महायुद्धावर लिहिताना नेमका हाच घोळ सांगितलाय

वांगीभात:
@पोहेप्रेमी हो, दगडफूल जरा जास्त घालते. लिहिते रात्री

सदाफुली:
काळाकोट, एक विचारू? सोसायटीच्या मेलवर पार्किंगचा ठराव आलाय, 'आय हॅव कन्सर्न्स' लिहू की 'आय ऑब्जेक्ट'? शेजारी आहेत सगळे, वाईटपणा नको वाटतो

काळाकोट:
ताई, नोंद हवी असेल तर ऑब्जेक्टच लिहा, खाली कारण द्या. कन्सर्न वाचून लोक पुढे जातात. आणि मीटिंगला जाऊन विरोधात मत दिल्याचं मिनिट्समध्ये लिहून घ्या.

पिंपळपान:
आणि खाली आकडे द्या सदाफुली, गाड्या किती, जागा किती

सदाफुली:
देते. रविवारीच आहे मीटिंग. कुकर उतरवते आधी