सिक्कीमच्या डोंगरांवर अजून किती उंच मूर्ती?

पायवाट (धागाकर्ती)
नामचीजवळ समद्रुप्त्से टेकडीवर २००४ मध्ये तिबेटात बौद्ध धर्म रुजवणाऱ्या गुरू पद्मसंभवांची ११८ फुटी मूर्ती झाली. मग रावंगलाला १३० फुटी बुद्ध, २०१३ मध्ये दलाई लामांच्या हस्ते प्रतिष्ठापना. २०१८ मध्ये पेलिंगला चेनरेझिग, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, १३७ फूट. मधल्या काळात नामचीच्या सोलोफोक टेकडीवर चारधाम आणि ८७ फुटी शंकर. हे आकडे ओळीने वाचा, माझा आक्षेप कळेल: ही उंचीची शर्यत आहे.

सिक्कीमच्या लोकांचं दैवत तिथे आधीपासून उभं आहे, ८,५८६ मीटर उंच कांचनजंगा पर्वत. पांग ल्हाबसोल या सणाला कांचनजंगाचा मुखवटा घालून नर्तक उतरतो: लालभडक चेहरा, माथ्यावर पाच कवट्यांचा मुकुट. लेपचा आणि भुतिया या तिथल्या जमातींनी बंधुत्वाची शपथ घेतली ती याच देवाच्या साक्षीने, असं तिथे मानतात. या श्रद्धेने माणसाला आवर घातलाय. युकसमजवळ राथोंग छू नदीवरचा वीजप्रकल्प १९९७ मध्ये थांबवावा लागला, कारण ती भूमी पवित्र. २००१ मध्ये राज्याने पवित्र शिखरांवर चढाईला बंदी घातली. मूर्तीचं उलट असतं. ती रस्ता मागते, पार्किंग मागते, हॉटेलं मागते. सरकारी पैशातून हे होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अत्त_दीप
पूर्ण असहमत. राग पर्यटनाचा आहे आणि तो तुम्ही मूर्तीवर काढताय. वज्रयान, म्हणजे तिबेटी बौद्ध परंपरेत मूर्ती नुसती ओतून होत नाही. आत मधोमध लाकडी प्राणस्तंभ बसवतात, मंत्र लिहिलेल्या कागदांच्या गुंडाळ्या, ग्रंथ, धातू भरतात, मग विधी होतो. त्यानंतर प्रदक्षिणा घालणाऱ्या म्हातारीसाठी तिथे साक्षात बुद्ध असतो. तिला तुम्ही ‘पर्वत आहे ना, पुरे’ असं कसं सांगणार?

आणखी एक. रावंगलाला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. पूर्व तिबेटात द्राकगोला ९९ फुटी बुद्धमूर्ती होती, ती २०२१ च्या डिसेंबरात चिनी प्रशासनाने पाडली. अफगाणिस्तानात बामियानचे बुद्ध तालिबानने फोडले, ते तर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. ज्यांच्या मूर्ती फोडल्या जातात त्यांनी उघड्या आभाळाखाली, लांबून दिसेल अशी मूर्ती उभारणं याला मी शर्यत म्हणणार नाही. बाबासाहेबांमुळे बुद्धाकडे आलेल्या आमच्यासारख्यांना तर तिथे ऊर भरून येतो.

झरा
मूर्तीचं वजन हा प्रश्नच नाही. डोंगराला धोका असतो तो रस्त्यासाठी पायथा कापल्याने आणि वर हॉटेलांचं सांडपाणी मुरल्याने. १८ सप्टेंबर २०११ च्या ६.९ तीव्रतेच्या भूकंपात सिक्कीममधल्या कितीतरी जुन्या गोंपांच्या, म्हणजे बौद्ध मठांच्या, भिंतींना तडे गेले. त्यात दक्षिण सिक्कीमचा बराच भाग दार्जिलिंगच्या डोंगरांच्या पर्जन्यछायेत येतो. लोक धारांवर, म्हणजे झऱ्यांवर जगतात. त्या आटत चालल्या म्हणून सरकारलाच २००८ पासून ‘धारा विकास’ हाती घ्यावा लागला: उतारावर चर खणायचे, पावसाचं पाणी जिरवायचं, धारेला पुन्हा पाणी आणायचं. काम चांगलं झालं आहे. पण एकीकडे चर खणायचे आणि दुसरीकडे पाणी पिणाऱ्या हॉटेलच्या खोल्या वाढवायच्या, हा हिशेब कोण मांडणार?

पायवाट
@अत्त_दीप, त्या म्हातारीची श्रद्धा मी नाकारत नाही. द्राकगोचा मुद्दा मात्र मनाला लागला, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण पैसा कुणाचा, हे विचारणारच. कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांब पाहा, त्यांवर दात्यांची नावं कोरली आहेत. धेनुकाकट नावाच्या गावाहून आलेल्या माणसांनी एकेक खांब दिला. लोकांनी वर्गणी काढून मूर्ती उभारली तर मी स्वतः पैसे देईन.

अत्त_दीप
त्याच कार्ल्यात उषवदाताचाही लेख आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई, त्याने भिक्षुसंघाला करजिक गाव दान दिलं. राजाश्रय तेव्हाही होता. आणि कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्यातले सुमारे सात मीटरचे उभे बुद्ध कुणाला छोटे वाटतात का? भव्यता आपल्याकडूनच तिकडे गेली.

पायवाट
उषवदाताने गाव दिलं ते पावसाळ्यात लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी. रावंगलाच्या मूर्तीसोबत झालं ते उद्यान. फरक मला इथेच दिसतो. रावंगलाजवळच्या रालंग मठातल्या भिक्षूंसाठी किंवा भूकंपात तडकलेल्या गोंपांसाठी तोच निधी आधी वापरा म्हटलं, तर त्यात बुद्धाचा अवमान कुठे आला?

अत्त_दीप
अवमान नाही. पण ‘आधी’ कशाला हे रावंगलाच्या लोकांनी ठरवावं, तुम्ही-आम्ही पुण्या-नागपुरात बसून नाही.

झरा
हे मान्य. फक्त ठरवताना धारेच्या पाण्याचा आकडा त्यांच्या हातात असू द्या.