लॉबीतला पुठ्ठ्याचा बाक

३०४: सर्वांना नमस्कार. लॉबीतला पुठ्ठ्याचा बाक आज एका बाजूने खचला. सासूबाई लिफ्टची वाट बघत टेकल्या होत्या, थोडक्यात वाचल्या. जबाबदारी कोणाची?

सेक्रेटरी: वहिनी, आईंना लागलं नाही ना? बाक सोसायटीच्या वार्षिक सभेत (एजीएम) सर्वानुमते ठरलाय.

१०३: लॉबीच्या गळतीचं काय झालं?

२०२: सर्वानुमते? आम्ही तेव्हा चहा घेत होतो.

१०२: पुठ्ठा म्हणून नाकं मुरडू नका. टोकियो ऑलिम्पिकला खेळाडू पुठ्ठ्याच्याच पलंगांवर झोपले. २०० किलो पेलतात ते. मुंबईत बीकेसीला तर २०१९ मध्ये अख्खं कॅफे पुठ्ठ्याचं केलं होतं, टेबलखुर्च्यांसकट.

२०२: तिथे एसी असतो ताई. आपल्या लॉबीत जुलैत पेपरसुद्धा सादळतो.

६०१: बॉक्सचा धंदा आहे म्हणून बोलतो. पाच प्लायचा, म्हणजे पाच थरांचा माल, आतल्या नागमोडी नळ्या उभ्या ठेवल्या की भरपूर वजन घेतो. पण ओल लागली की संपलं. बाकाच्या पायाशी नखाने टोचून बघा, पदर सुटे होतायत. खळ स्टार्चची, म्हणजे झुरळांची सोय. वरून प्लास्टिकचं लॅमिनेशन केलं तर पाणी थोपतं, पण मग रद्दीवाला कुरकुरतो. पर्यावरण तिथेच संपलं.

१०३: लॉबीच्या गळतीचं काय झालं?

२०२: झुरळंही सर्वानुमते 😄

खजिनदार: पावती फाईलला आहे. थकबाकीदारांनी हिशेब विचारू नये.

२०२: रोख कोणाकडे?

खजिनदार: ज्याला लागेल त्याला.

४०४: 🌹 शुभ सकाळ 🌹

३०४: काका, संध्याकाळचे सात वाजलेत.

१०२: मुलांनी केलेल्या पुठ्ठ्याच्या पुस्तकांच्या रॅकला मात्र कोणी हात लावायचा नाही. दुसऱ्या मजल्यावर कोरडं आहे, मस्त टिकलंय.

३०४: रॅकबद्दल कोण बोललं?

सेक्रेटरी: वॉचमन बाक जिन्याखाली ठेवेल.

६०१: तिथे मीटर आहेत, पुठ्ठा अजिबात नको. पार्किंगमध्ये वाळवा, मग रद्दीत द्या.

२०२: माझ्या पार्किंगमध्ये नको.

१०३: प्लंबरचा नंबर परत टाकतोय. लॉबीच्या गळतीचं काय झालं?

सेक्रेटरी: गळती १०२ च्या बाथरूममधून आहे. प्लंबर शनिवारी येईल.

१०२: शनिवारी आम्ही गावी आहोत.