लिनिया टी-जेटसाठी स्वतंत्र ईसीयू घ्यावा की मूळ ईसीयूच रिमॅप करावा?

फोंड्याची टी-जेट

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१२ सालची फियाट लिनिया टी-जेट आहे. १३६८ सीसीच्या या इंजिनाची कंपनीने दिलेली ताकद ११४ पीएस आणि टॉर्क २०७ न्यूटन-मीटर आहे. मूळ टर्बो निकामी झाल्यावर मी त्या जागी थोडा मोठा टर्बो आणि मोठा इंटरकूलर बसवून घेतला. वाढीव बूस्टला (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेच्या दाबाला) मूळ ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाने, आडकाठी करू नये म्हणून एका गॅरेजने प्रेशर सेन्सरच्या वायरीत पिगीबॅक मॉड्यूल (ईसीयूकडे जाणारा सिग्नल मध्येच बदलणारी पेटी) जोडून दिले. त्यानंतर साखळीहून चोर्ला घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये बूस्ट भरला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला. ते मॉड्यूल मी काढून टाकले असून सध्या अ‍ॅक्सिलरेटर अर्ध्याच्या पुढे दाबत नाही.

मला क्रँकवर १६० अश्वशक्तीच्या आसपास ताकद हवी आहे, त्याहून अधिक नको. गाडी रोज फोंडा ते पणजी धावते, आणि वर्षातून एकदा ती कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर न्यावी अशी इच्छा आहे. मूळ ईसीयूचे नीट रिमॅपिंग (त्यातल्या आकड्यांचे तक्ते बदलणे) करावे, की हॉलटेक, लिंक, ईसीयूमास्टर यांपैकी एखादा स्वतंत्र ईसीयू घ्यावा? स्पीडुइनो स्वस्त पडतो, म्हणून त्याचाही विचार मनात आहे.

डिचोलीकर

मॉड्यूल काढलेत ते योग्यच केलेत. पण आवाज का येत होता हे आधी समजून घ्या, कारण पुढचा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. प्रेशर सेन्सरच्या वायरीत बसणारे मॉड्यूल ईसीयूला खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवते. ईसीयू त्या खोट्या आकड्यावरून इंजिनावर भार कमी आहे असे धरतो आणि कमी भाराच्या रकान्यातले इग्निशन टायमिंग निवडतो, म्हणजे ठिणगी जास्त आधी टाकतो (यालाच ॲडव्हान्स म्हणतात). दाब सर्वाधिक असतो नेमके त्याच वेळी ॲडव्हान्सही वाढतो आणि नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधल्या मिश्रणाचा अवेळी स्फोट, सुरू होते. मॉड्यूलने पेट्रोल कितीही वाढवले, तरी टायमिंगवर त्याचा ताबा नसेल तर हे टळत नाही.

स्पीडुइनोविषयी स्पष्टच सांगतो. आर्डुइनो मेगा २५६० वर चालणारा तो मुक्त स्रोत प्रकल्प मला मनापासून आवडतो आणि केबलच्या थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) जुन्या गाडीवर मी तो आनंदाने बसवीन. परंतु टी-जेटचा थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे. पेडलमध्ये दोन सेन्सर आणि थ्रॉटल बॉडीत दोन सेन्सर असतात, ईसीयू त्यांची सतत एकमेकांशी पडताळणी करतो आणि तफावत दिसताच थ्रॉटलची मोटर बंद करतो. हे काम स्पीडुइनो मूळ रूपात करत नाही. रोज बायको-मुलांना घेऊन जाणाऱ्या गाडीत ही पडताळणी ईसीयूच्या आतच हवी, याबाबत माझी तडजोड नाही.

दुसरी अडचण कॅन बसची, म्हणजे गाडीतली उपकरणे ज्या तारांवरून एकमेकांना संदेश पाठवतात तिची. मूळ ईसीयू काढलात की आरपीएमचा काटा, तापमानाचा काटा आणि इमोबिलायझर (चोरीविरोधी कुलूप) यांना मिळणारे संदेश थांबतात. ज्या ईसीयूत कॅनचे संदेश आपल्याला हवे तसे घडवता येतात तो घ्या, किंवा मूळ ईसीयू जागेवरच ठेवून फक्त इंजेक्टर, कॉइल, थ्रॉटल आणि बूस्टचा सोलेनॉइड नव्या ईसीयूकडे द्या. दुसऱ्या पद्धतीत वायरिंग वाढते, पण डॅशबोर्ड जिवंत राहतो. ईसीयूमास्टरच्या ईएमयू ब्लॅकमध्ये इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचे नियंत्रण आहे आणि वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरचा (धुरावरून हवा-इंधनाचे प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरचा) कंट्रोलरही आतच आहे, त्यामुळे एक वेगळे उपकरण वाचते.

तरीही १६० अश्वशक्तीसाठी माझी पहिली पसंती मूळ ईसीयूचे रिमॅपिंग हीच राहील, मात्र हा विशिष्ट ईसीयू वाचून लिहिणारा आणि गाडीत शेजारी बसून लॉग तपासणारा माणूस मिळत असेल तरच. तयार फाइल ईमेलने मागवून टाकायची असेल तर नको, कारण तुमचा टर्बो आता मूळ राहिलेला नाही. असा माणूस मिळाला नाही तर स्वतंत्र ईसीयू घ्या, पण कोणता घ्यायचा ते माहितीपत्रक पाहून ठरवू नका. गाडी ज्या ट्यूनरकडे नेणार आहात, त्याने ज्या ईसीयूवर सर्वाधिक गाड्या बांधल्या आहेत तो घ्या. पावसात सकाळी गाडी सुरू होईना, तेव्हा फोन त्यालाच करायचा आहे.

मडगावकर

डिचोलीकर बाब यांच्या म्हणण्यात इंधनाची भर घालतो. साध्या हिशेबाने १६० अश्वशक्तीला दर सिलिंडरमागे सुमारे ३१५ सीसी प्रति मिनिटाचा इंजेक्टर लागतो, तोही ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा राहणार नाही असे धरून. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, तर या मिश्रणाला साधारण १३.५ पट, म्हणजे सुमारे ९ टक्के जास्त इंधन. म्हणून ३५० सीसीच्या खाली जाऊ नका. ट्यूनर जुन्या सवयीने एअर-फ्युएल रेशोच्या आकड्यांत बोलत असेल तर त्याला लॅम्डामध्ये बोलायला सांगा, म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण त्या इंधनाच्या आदर्श प्रमाणाच्या किती पट आहे त्यात. पूर्ण बूस्टवर लॅम्डा ०.८ च्या आसपास ठेवला की मिश्रण बदलले तरी त्याचा अर्थ तोच राहतो.

आणखी एक. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. काम हाती घेण्यापूर्वी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

वास्कोचा वायरमन

ईसीयू कोणताही घ्या, आपल्याकडे तो बिघडण्याआधी कपलर बिघडतात. एका जुलैमध्ये माझ्याकडे स्वतंत्र ईसीयू बसवलेली एक टर्बो गाडी आली. इंजिन आळशी, मागून काळा धूर, आणि मालक नवा ईसीयू मागवण्याच्या तयारीत. मॅप सेन्सरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) कपलर उघडला तर अर्थच्या पिनेवर हिरवी भुकटी साचली होती आणि रबरी सील जागेवर नव्हतेच. त्या पिनेवर ०.२ व्होल्टचा ड्रॉप मिळाला. तेवढाच सिग्नल वर उचलला जात होता, आणि दाब जास्त आहे असे समजून ईसीयू पेट्रोल ओतत होता. पिन बदलली, सील घातले, गाडी ताळ्यावर आली.

म्हणून ईसीयू बॉनेटखाली न ठेवता आत, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे ठेवा. सेन्सरांचे अर्थ बॉडीला न जोडता थेट ईसीयूच्या सेन्सर-अर्थ पिनेवर आणा, आणि कॉइलचे अर्थ वेगळे काढून सिलिंडर हेडवर घ्या. इंजिनाच्या थरथरीत सोल्डरजवळ वायर तुटते, तिथे चांगले क्रिम्पच (दाबून बसवलेला जोड) हवे. कपलरच्या अलीकडे वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी कपलरात न शिरता तिथेच गळून पडते. हार्नेससाठी ईसीयूच्या किमतीइतके पैसे मागितले तर दचकू नका, काम दाखवायला सांगा.

फोंड्याची टी-जेट

सर्वांचे देव बरें करूं. नॉकिंगचा आवाज टिपणाऱ्या नॉक सेन्सरविषयी एक शंका आहे. स्वतंत्र ईसीयूत त्याची वारंवारता आपणच भरावी लागते असे वाचले. ती कशी काढायची?

डिचोलीकर

सिलिंडरच्या व्यासावरून काढायची. ९०० ला पायने आणि मिलिमीटरमधील त्रिज्येने भागले की किलोहर्ट्झमध्ये अंदाजे आकडा मिळतो. तुमचा बोअर ७२ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या ३६, आणि उत्तर सुमारे ८ किलोहर्ट्झ. ही केवळ सुरुवात आहे. व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा नेहमीचा आवाज प्रत्येक आरपीएमला किती असतो हे आधी नोंदवून त्याच्या वर मर्यादा आखावी लागते, अन्यथा ईसीयू विनाकारण टायमिंग मागे घेत राहतो.

पण त्याआधी माझे एक ऐका. घाटात तो आवाज तुम्ही बराच काळ ऐकला आहे. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये बनणारा दाब) आणि लीक-डाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते पाहणे) तपासल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नका.

फोंड्याची टी-जेट

आज सकाळी तपासणी केली. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरमध्ये १७० पीएसआयच्या आसपास दाब मिळाला, तिसऱ्यात मात्र १३०. त्यात हवा भरली तेव्हा ऑइल भरण्याच्या झाकणातून फुसफुस स्पष्ट ऐकू आली.

डिचोलीकर

म्हणजे हवा रिंगांवरून खाली जात आहे, आणि नॉकिंगच्या इतिहासामुळे तिसऱ्या पिस्टनचा रिंग लँड (दोन रिंगांमधला पिस्टनचा कडा) तुटला असण्याची शक्यता सर्वांत मोठी आहे. आता गाडी चालवू नका. हेड उघडून सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे आहेत का ते पाहा आणि फोटो इथे टाका. मूळ धाटणीचे पिस्टन घालायचे की फोर्ज्ड (घडीव, जास्त मजबूत), हे ठरल्यावर पिस्टनची मोकळीक बदलेल, मोकळिकीबरोबर नॉक सेन्सरला ऐकू येणारा आवाज बदलेल, आणि मग ईसीयूचा प्रश्न आपण पुन्हा याच जागेवरून सुरू करू.