ड्राय काउंटी म्हणतात, मग रेस्टॉरंटमध्ये बियर कशी मिळते?

नवीन_भिडू
मंडळी, महिन्यापूर्वी पुण्याहून अमेरिकेत कॉनवे, आर्कान्साला आलोय. पहिल्याच शुक्रवारी सुपरमार्केटात बियर शोधत सगळ्या रांगा पालथ्या घातल्या, कोल्ड्रिंकच्या फ्रिजपाशी दोनदा जाऊन आलो, शेवटी काउंटरवरच्या आजींना विचारलं तर हसून म्हणाल्या ही ड्राय काउंटी आहे, म्हणजे या जिल्ह्यात दारू विकायला बंदी. बरं. पण त्याच रात्री टीमबरोबर जेवायला गेलो तर तिथे सगळ्यांपुढे बियर! मग ड्राय कसलं डोंबलाचं? आणि हे बदलायचं कुणाच्या हातात असतं? घरी बाटली ठेवली तर पोलीस येतील का, बायको घाबरलीये.

बेंटनविलकर
वहिनींना सांग, बंदी विकण्यावर आहे, घरी पिण्यावर नाही. रेस्टॉरंटकडे 'प्रायव्हेट क्लब'चं लायसन्स असतं, म्हणजे कागदोपत्री तू क्लबात बसलेला असतोस 😄 देशातली दारूबंदी 1933 ला उठली पण राज्यांना आपापले नियम करायची मुभा राहिली, आर्कान्साने ते काउंटीच्या मतदारांवर सोडलंय. आमची बेंटन काउंटी पण 2012 च्या मतदानापर्यंत ड्रायच होती, वॉलमार्टचं हेडऑफिस इथं, जगभरचे सप्लायर येणार, आणि बाटली आणायला मिझुरीच्या हद्दीवर गाडी काढायची. मतदान घ्यायला आधी नोंदलेल्या मतदारांपैकी 38 टक्के लोकांच्या सह्या लागतात, 38! मग साधं बहुमत. आमच्याकडच्या कॅम्पेनचं नावच 'कीप डॉलर्स इन बेंटन काउंटी' होतं, सॅम वॉल्टनच्या दोन नातवांनी त्यात पैसे घातले.

नाव बरोबरच होतं म्हणा. राज्याचा सेल्स टॅक्स साडेसहा टक्के, त्यावर काउंटीचा आणि शहराचा वेगळा, आणि तो स्थानिक वाटा जिथं बिल फाटतं तिथं जातो. तू शेजारच्या पुलास्की काउंटीत जाऊन बाटली घेतलीस की रस्ते त्यांचे होणार, कॉनवेचे नाही.

लिटलरॉकी
आणि विरोधात कोण असतं माहितीये का? चर्चवाले तर आहेतच पण त्यांच्या शेजारी बसलेत वेट, म्हणजे दारूविक्री चालते अशा काउंट्यांमधले दारू दुकानदार. 2014 ला अख्खं राज्य वेट करायचा प्रस्ताव आला तेव्हा विरोधाचा पैसा त्यांच्याकडूनच आला होता, शेजारी दुकान उघडलं तर यांच्याकडे कोण येणार. प्रस्ताव पडला, पण त्याच मतदानात सलीन काउंटी मात्र वेट झाली. तुमच्या कॉनवेच्या फॉकनर काउंटीत त्या वर्षी सह्याच पुरल्या नाहीत.

झाडीपट्टी_भाऊ
हे वाचून चंद्रपूर आठवून राहिलं ना भाऊ. 1 एप्रिल 2015 ला बंदी लागली अन् 2021 ला उठली, दोन्ही वेळा निर्णय मुंबईत, आमाले मत कोनं इचारलं? मधली सहा वर्षं वर्धा नदीचा पूल ओलांडला का वणी, जिल्हा यवतमाळ, बस. टॅक्स सरकारले तिकडून भेटतच होता. मतदानाची सोय आपल्याकडं आहे पण चालू दुकान बंद करायले: वॉर्डातल्या 25 टक्के बायांनी सह्या केल्या का मतदान, अन् यादीतल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. मतदानाले आल्या त्यातल्या निम्म्या नाही, यादीतल्या. जी घरी राहिली तिचं मत उभ्या बाटलीलेच गेलं समजा.

नवीन_भिडू
म्हणजे मी एचवन व्हिसावर, नागरिक नाही, तर सही पण करू शकत नाही आणि मत पण नाही. शनिवारी पुलास्कीला गाडी काढतोय, कॉनवेतून अजून कोणी येणार असेल तर सांगा, एक सीट रिकामी आहे.