लेथपुढे उभं राहून पाय भरून येतात, मॅट कुठली घ्यावी?

प्रेषक: दांडिया बाजारचे काका
प्रति: मंडळाची यादी

मंडळी, नमस्कार.

गणेशोत्सवाच्या वर्गणीचा विषय संपला असेल तर एक घरगुती प्रश्न विचारतो. निवृत्तीनंतर तळमजल्यावरच्या खोलीत लाकूड कातायची छोटी लेथ बसवली आहे. लाटणी, भोवरे, वाट्या, झालंच तर नातवंडांसाठी रंगीत खुळखुळे. खाली कोटा फरशी. तासाभरात पिंडऱ्या भरून येतात, दोन तासांत टाचा बोलायला लागतात आणि रात्री कंबर.

मागच्या वर्षी ऑनलाइन मागवून एकमेकांत अडकणारे फोमचे चौकोन घातले होते. पहिला महिना ढगावर उभा असल्यासारखा गेला. चौथ्या महिन्यात जिथे पाय असतात तिथे दोन खड्डे पडले ते पुन्हा वर आलेच नाहीत. कडेचा तुकडा वळला, त्यात अंगठा अडकला आणि हातात गाऊज (कातायचं धारदार हत्यार) असताना मी पडता पडता वाचलो. त्याच दिवशी सगळे चौकोन माळ्यावर गेले.

इथे बडोद्यात मकरपुऱ्याला कारखान्याच्या टूलरूममध्ये होतो तेव्हा प्रत्येक लेथपुढे लाकडी पट्ट्यांचा पाट असे. कीस पट्ट्यांच्या फटीतून खाली पडे आणि पाय फरशीला लागत नसत. आमचे आजोबा कलाभवनात शिकलेले (सयाजीरावांनी १८९० साली काढलेली तंत्रशिक्षणाची संस्था, आता तिथे युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे). त्यांच्या तोंडीही हा पाट असायचा. तसाच पाट करू की रबराची मॅट घेऊ?

—

प्रेषक: टोरांटोहून, मूळचा रावपुऱ्याचा

काका, ते चौकोन ईव्हीए (एक प्रकारचं मऊ प्लास्टिक) फोमचे. मुलांच्या खेळायच्या खोलीत ठीक आहेत, पण एकाच जागी रोज वजन पडलं की फोममधल्या हवेच्या पेशी चेपतात आणि चेपलेल्याच राहतात. ग्राइंडरची ठिणगी पडली तर भोकही पडतं.

इथे गॅरेजमध्ये लाकूडकाम करणारे बरेच जण घोड्यांच्या तबेल्यातली रबर मॅट घालतात. ४ फूट बाय ६ फूट, पाऊण इंच जाड, वजन सुमारे १०० पौंड. मीही तेच केलं. रबराचा वास दोन महिने गेला नाही, त्यामुळे बायकोने गॅरेजचं दार बंद ठेवायची सक्तीच केली. पण मॅटची एकही कड वळलेली नाही.

बडोद्यात तबेल्याची मॅट कुठून आणणार, हा प्रश्न आहेच.

—

प्रेषक: वाघोडिया रोडची फिजिओ ताई

काका, मॅटच्या आधी पायांचं बोलते.

चालताना पिंडरीचे स्नायू आवळतात आणि सैल होतात, त्यामुळे खालचं रक्त वर ढकललं जातं. एका जागी खिळून उभं राहिलं की हा पंप जवळजवळ थांबतो. रक्त पायात साचतं, स्नायू सतत ताणलेले राहतात, म्हणून पाय भरून येतात. किंचित दबणाऱ्या मॅटवर तोल सांभाळताना घोटा आणि पिंडरी नकळत सारखी हलत राहतात. मॅट करते ते एवढंच. म्हणून जितकी मऊ तितकी चांगली, हा समज चुकीचा आहे. फार मऊ मॅटमध्ये टाच रुतते, स्नायू तोल सावरण्यातच दमतात आणि पाय जास्त दुखतात. दुकानात उभं राहून बघा. मॅट दबलेली जाणवली पाहिजे, पण खालची फरशी टाचेला लागता कामा नये. साधारण १२ ते २० मिलिमीटर जाडीत हे जमतं. कडा उतरत्या हव्यात, ते तुम्हाला सांगायला नकोच.

शेजारी वीतभर उंचीचा ठोकळा ठेवा, आलटून पालटून एक पाय त्यावर. पायात बंद बूट घाला. लेथवर चप्पल घालत असाल तर मला सांगूच नका.

आता कंबरेचं. कंबर मॅटने थांबणार नाही. लेथच्या मध्यरेषेची (जिच्याभोवती लाकूड फिरतं) फरशीपासून उंची किती आणि तुमच्या कोपराची किती? दोन्ही साधारण सारखी हवी. मोजून कळवा.

—

प्रेषक: दांडिया बाजारचे काका

ताई, मोजलं. बूट घालून कोपर १०४ सेंटिमीटर, लेथची मध्यरेषा ९४. लेथ जुन्या ऑफिसच्या टेबलावर ठेवली आहे, ते टेबल बसून लिहिण्याच्या उंचीचं. टूलरूममध्ये चाळीस वर्षं काढून स्वतःच्या घरी १० सेंटिमीटर वाकून काम करतोय. बायको हसली, मी गप्प बसलो.

—

प्रेषक: छाणी रोडचे आप्पा

अहो, तबेल्याची मॅट कुठून आणणार काय विचारता! आणंद इथून तासाभरावर. तिकडचा सगळा चरोतर भाग दुधावर जगतो आणि गायीला काँक्रीटवर उभं राहून गुडघे दुखू नयेत म्हणून गोठ्यात रबर मॅट घालतात. साधारण साडेसहा फूट बाय ४ फूट, १५ ते १७ मिलिमीटर जाड, पशुखाद्य आणि गोठ्याचं सामान ठेवणाऱ्यांकडे मिळते. माझ्या भाच्याच्या गोठ्यात काही वर्षं आहे. म्हशींनी कितीही अत्याचार केले तरी शाबूत.

पण खुरांसाठी केलेली असल्यामुळे ती कडक असते. घासायच्या, कोरायच्या टेबलापुढे, जिथे अर्धा तास पाय हलत नाहीत, तिथे ती कमी पडेल. लेथवर मात्र मला तीच बरी वाटते. वाटी कातताना आपण नुसत्या हातांनी गाऊज फिरवत नाही, एका पायावरून दुसऱ्यावर सबंध अंग झुकवतो. त्या वेळी पायाखाली भुसभुशीत असेल तर कापही डगमगतो.

कापायला धारदार कटर आणि साबणाचं पाणी घ्या, रबर पातं धरून ठेवत नाही. आठवडाभर गच्चीत टाका, वास कमी होतो. चर असलेली बाजू खाली ठेवा, वर ठेवलीत तर लाकडाचा भुसा त्यात बसेल आणि झाडूने निघणार नाही.

हार्डवेअरच्या दुकानात जाल तर एक सांगतो. तिथे काळी किंवा लाल रबर मॅट मीटरवर देतात, २-३ मिलिमीटरची. ती विजेच्या पॅनेलपुढची इन्सुलेशनची मॅट, तिच्यावर आयएस १५६५२ हा भारतीय मानकाचा क्रमांक असतो. ती पायाला काही उपयोगाची नाही. उलट, दमणूक कमी करणारी मॅट घातली म्हणून विजेपासून बचाव होईल असंही समजू नका. लेथला अर्थिंग आहे ना?

—

प्रेषक: मांजलपूरहून

थोडंसंच. ड्रिल किंवा धातूच्या लेथवर तेल सांडत असेल तर नाइट्राइल रबर घ्या. साधं रबर तेलाने फुगतं आणि बुळबुळीत होतं. धातूच्या कीससाठी भोकांची मॅट चांगली, पण लाकडाच्या कामात भोकं नकोतच, आप्पांच्या चरांसारखीच डोकेदुखी. ग्राइंडरपुढे मी कुठलीच मॅट ठेवत नाही. आणि मशीन कधीही मॅटवर बसवू नका, मशीनचे पाय मॅटमध्ये दबतात आणि थरथर वाढते.

—

प्रेषक: दांडिया बाजारचे काका

ठरलं. लेथपुढे आप्पांची गायीची मॅट. कोरकामाच्या टेबलापुढे २ बाय ३ फुटांची थोडी दबणारी, उतरत्या कडांची, कारखान्यांना माल देणाऱ्या दुकानातून. तिथे उभा राहून बघितली, ताईच्या परीक्षेत पास झाली. पट्ट्यांचा पाटही करणार आहे, पण ग्राइंडरपुढे. तिथे मॅट नको म्हणता, आणि हात शिवशिवतायत.

लेथ उचलायची म्हणजे मॅटची जाडीही धरावी लागेल हे आधी लक्षातच आलं नव्हतं. १७ मिलिमीटरवर मी उभा राहिलो की कोपरही तेवढंच वर जाणार. म्हणजे १० नाही, ११.७ सेंटिमीटर. टेबलाखाली सागाचे चार ठोकळे कापले आहेत. शिवाय टेबलाला मागे भिंतीत दोन ब्रॅकेट, नाहीतर उंच झालेलं टेबल डोलेल. आप्पा, अर्थिंग आहे, तपासून घेतलं.

आता अडचण एवढीच की एवढी मोठी मॅट टेम्पोतून उतरवून अरुंद जिन्याशेजारून आत न्यायला दोन-तीन तरुण लागतील. रविवारी सकाळी ८ वाजता. सेवउसळ माझ्याकडून.

—

प्रेषक: टोरांटोहून, मूळचा रावपुऱ्याचा

सेवउसळीचा फोटो तरी टाका.